मिठाचा कोपरा

२ एप्रिल

चि. मोजणीस,

आशीर्वाद आहेतच. ते काही भांडणात वजा होत नाहीत.

दोन वर्षांनी बापाचं पत्र आलेलं बघून तुला वाटेल, म्हातारा अंथरुणाला खिळला किंवा क्लबाने हाकलला. तसं काही नाही. मी ठणठणीत आहे आणि मैदानही ठणठणीत आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू 'हं' म्हणतेस, मग मी 'हं' म्हणतो, आणि आधी कोणी ठेवायचा याची वाट बघत दोघं बसून राहतो. पत्रात निदान कोणी मध्ये 'हं' करत नाही. अक्षर मोठं आलंय म्हणून हसू नकोस, पेन जाड आहे. खोक्यांवर नावं टाकायचा पेन ऑफिसात पडला होता, तोच उचलून आणला.

लिहायचं कारण एवढंच, की मीठ सांडलंय.

यंदा लवकर सांडलं. सकाळी कॅन्टीनवाल्या बाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो मैदानवाले, बोर्डाच्या मागे तुमच्या त्या कोपऱ्यात पांढरं पांढरं काय दिसतंय?" मी म्हटलं, फुलं आहेत, दुसरं काय असणार. त्या म्हणाल्या, "मग काल विचारलं तेव्हा अजून आली नाहीत म्हणालात ते?" या बाईंना चहा सोडून बाकी सगळ्या चौकश्या असतात.

तर आलीत. गुणांचा बोर्ड आणि मागची भिंत यांच्यामधला तो तुकडा, दोन खाटा मावतील एवढा. जन्म गेला माझा या मैदानातलं तण उपटण्यात. पानवालं काही दिसलं की मुळासकट बाहेर. तुझी आई म्हणायची, हा माणूस स्वप्नातसुद्धा गुडघ्यावर असतो. पण तो कोपरा मी सोडला, कारण तू शाळेत जायच्या आधीच्या वयात त्याच्यावर फतकल मारून बसलीस आणि असा काही गळा काढलास की सामना बघायला आलेली माणसं तुझ्याकडेच बघायला लागली. आईने बाहेर येऊन बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, गवतावर कोणी मीठ सांडलंय का?" त्या दिवसापासून आपल्या घरात त्या रोपट्याचं नाव मीठ. खरं नाव पुस्तकात असेल काहीतरी. मला त्याची पानं ओळखू येतात तेवढं बस. उंदराच्या कानाएवढी, तशीच लवदार.

आणि तुझं मोजणं, ज्यावरून मी तुला मोजणी म्हणायला लागलो. "बाबा, दहा पाकळ्या!" मी म्हणायचो, पाच. प्रत्येक पाकळीला मधोमध खाच आहे म्हणून दहा वाटतात. तू म्हणायचीस, दहा टोकं म्हणजे दहा. मी खाली बसून नखाने एकेक वेगळी करून दाखवली, तरी दहा. लग्नाच्या वयाची झालीस तरी दहा. आता औषधांच्या दुकानात गोळ्या मोजतेस, तिथे तरी गिऱ्हाइकांना पाचाच्या दहा देत नाहीस ना?

ये असं म्हणत नाही. फुललंय एवढंच कळवतो. महिना-दीड महिना राहील.

आई गेल्यावर तू न्यायला आली होतीस आणि दारातून म्हणालीस, "मग राहा तुमच्या गवतासोबत!" तर राहतोय.

बाबा


१४ एप्रिल

चि. मोजणीस,

पत्र पोचलं. इतक्या लवकर उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, त्यामुळे चष्मा जागेवर नव्हता. कॅन्टीनवाल्या बाईंनी वाचून दाखवलं. त्यामुळे 'तुमचा हट्टीपणा' वगैरे जे लिहिलंस ते आता सगळ्या कॅन्टीनला ठाऊक आहे. बाई ते वाक्य दोनदा वाचत होत्या.

मे महिन्यात सुट्टी मिळाली तर येईन म्हणतेस. 'मिळाली तर' वर बाईंनी उगाच जोर दिला असेल, पण मी तो मोजला नाही. ये. तुझी खाट आहे तशी आहे. तिच्यावर खताच्या गोण्या आहेत, त्या हलवतो.

डोळे दाखवले का, असं विचारलंस. मागच्या वेळी मी कपाच्या बाजूला चहा ओतला, ते तू अजून धरून बसली आहेस. दाखवले. बाई हात धरून घेऊन गेल्या, म्हणजे वाटेत त्यांचंही काम होतं. डॉक्टर पोरसवदा होता. त्याने एक चौकटी-चौकटींचा कागद समोर धरला आणि म्हणाला, "काका, रेषा सरळ दिसतात का?" मी म्हटलं, "बाळा, तुझा कागदच वाकडा छापलाय. मधे सगळं पोट सुटलंय." तो हसला नाही. बाईही हसल्या नाहीत. आजकाल विनोदाला काही किंमत राहिली नाही. पुढे तो डोळ्यातला पडदा, त्याचा मध्यभाग, असं बरंच काही बोलत होता. कडेने दिसतं ते दिसत राहील म्हणाला. मग झालं तर. मैदान कडेनेच बघायचं असतं.

इथलं काम चालू आहे. सामन्याच्या रेषा मारल्या परवा. दोरी ताणून, खुंट्या ठोकून, जशा जन्मभर मारल्या तशाच. तरी त्या मला मधेच वळवळल्यासारख्या वाटतात. रेषा मारायच्या गाडीचं चाक गेलं असणार. मॅनेजरला म्हटलं, चाक बघून घ्या. तो म्हणाला, "काका, रेषा एकदम परफेक्ट आहेत." त्याला काय कळतंय. तू बघायला हवी होतीस. तू लहानपणी आडवी पडून रेषेला डोळा लावून बघायचीस आणि म्हणायचीस, "बाबा, दोरी सोडा, एकदा नुसतं बघा ना." मी म्हणायचो, डोळा दमतो, दोरी दमत नाही.

अजूनही तेच म्हणतो.

तुझ्या गॅलरीत कुंडी आहे का, असं विचारणार होतो. असू दे.

बाबा


२९ एप्रिल

चि. मोजणीस,

सुट्टी मंजूर झाली हे वाचून (म्हणजे ऐकून) बाईंनी माझ्यासमोर गोड बिस्किटांचा पुडा फोडला, आणि त्यातली निम्मी स्वतःच खाल्ली. एकवीस तारीख. तोवर मीठ नक्की राहील. ऊन बेताचं आहे, आणि ढगाळ दिवशी फुलं मिटून घेतात त्यामुळे टिकतातही जास्त.

पण इथे एक कटकट उभी राहिली आहे.

या मॅनेजरला तू पाहिलेलं नाहीस. आम्ही त्याला चकचकीत म्हणतो. बूट चकचकीत, टक्कल चकचकीत, टेबलही चकचकीत. माणूस वाईट नाही. मैदानाची तपासणी करायला वरून कोणी साहेब येणार आहेत, आणि त्यांनी हिरवा दाखला दिला तर मोठे सामने इथे होतील. चकचकीत मला बोर्डापाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "काका, तण पसरतंय. मैदानाच्या कडेला पांढरे ठिपके दिसतायत. हे सगळं त्या मागच्या कोपऱ्यातून येतंय ना?"

मी म्हटलं, असेल. त्याच्या फांद्या जमिनीवर लोळतात आणि जिथे टेकतात तिथे मूळ धरतात. बुटाला चिकटून तुकडा आला तरी उगवतं. खरं म्हणजे मला ते ठिपके आधी दिसायला हवे होते. चकचकीतने दाखवायच्या आधी. पण मी त्या बाजूला फारसा गेलो नसेन.

तो म्हणाला, "एक कंपनी आहे. एका दिवसात सगळीकडे औषध मारून देतात. कोपऱ्यासकट. नाव नको राहायला."

मोजणी, मी आयुष्यात कधी कोणा मॅनेजरपुढे हात जोडले नाहीत, तुला माहीत आहे. आई आजारी होती तेव्हा रजेसाठीसुद्धा नाही, आणि त्याबद्दल ती शेवटपर्यंत मला बोलत राहिली. पण परवा जोडले. म्हटलं, मैदान मी साफ करतो. औषध मी स्वतः मारतो. पाठीवर पंप घेऊन, दोरी लावून, इंच न् इंच. पण बोर्डाच्या मागचा तुकडा राहू दे. माझी मुलगी येतेय.

चकचकीतने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "काका, तुम्हाला जमेल?"

काय प्रश्न आहे! तो पाळण्यात होता तेव्हा मी हा पंप पाठीवर घेऊन फिरत होतो. हे औषध गवताला काही करत नाही, फक्त रुंद पानांच्या झाडांना धरतं. पानं आधी पिळवटतात, मग पिवळी पडतात, मग जातात. मूळसुद्धा राहत नाही. म्हणून तर दोरी हवी. बोर्डाच्या खांबापासून थेट कुंपणाच्या खांबापर्यंत दोरी ताणली, की दोरीच्या अलीकडे मैदान आणि पलीकडे तुझं. अगदी सोपं.

वारा पडला की मारतो. तू काळजी करू नकोस, तुझा कोपरा सुखरूप आहे.

बाबा


९ मे

चि. मोजणीस,

फत्ते!

मारलं औषध. सकाळी वारा अजिबात नव्हता. बाई म्हणाल्या, मी येते सोबत, तुम्ही एकटे नका मारू. मी म्हटलं, तुम्ही दूध उतू जाईल ते बघा. बायकांच्या देखरेखीखाली मी फक्त तुझ्या आईच्या काळात काम केलं, आणि तेही नाइलाजाने.

दोरी अशी ताणली होती की वाजवली असती तर सूर आला असता. बोर्डाचा खांब हाताने चाचपून गाठ मारली, कुंपणाच्या खांबाला दुसरी गाठ, आणि अलीकडचं सगळं मैदान पट्ट्या-पट्ट्यांनी उरकलं. शेवटी शेवटी जरा जास्तच चालल्यासारखं वाटलं. दोरी यायलाच तयार नाही. म्हटलं वय झालं आता, पाठीवर पंप आहे, अंतर लांबल्यासारखं वाटणारच. पण एक पट्टा सोडला नाही. चकचकीत ऑफिसच्या खिडकीतून बघत होता. त्याने अंगठा वर केला असं बाई म्हणाल्या.

नंतर आंघोळ केली आणि तुझ्या खाटेवरच्या गोण्या हलवल्या. गादी उन्हात टाकली. आईची ती जाड चादर काढून ठेवली आहे, निळी. म्हणजे मला निळीच आठवते, बाई करडी म्हणतात.

तू आलीस की पहिल्यांदा कोपऱ्यात जाऊ. चहा नंतर. मी काही बोलणार नाही. दहा म्हणालीस तरी बोलणार नाही. म्हणजे प्रयत्न करीन.

आणि 'माझ्याकडे चला' हा विषय काढणार असशील, तर एवढंच सांगतो की ऐकून घेईन. दोन वर्षांपूर्वी ऐकूनही घेतलं नाही, ते बरोबर झालं नाही. तुझ्याकडे गवत आहे का, असं विचारलं होतं मी. आई गेल्याला वर्षही झालं नव्हतं, आणि मी पोरीला गवताचं विचारत होतो.

एकवीस तारखेची वाट बघतो.

बाबा


१५ मे

चि. मोजणीस,

घाईत लिहितो आहे. यंदा येऊ नकोस.

इथे तपासणीची गडबड आहे, खोलीला रंग द्यायचा आहे, रंगाचा वास तुला सहन होत नाही. शिवाय फुलंही यंदा काही फारशी नाहीत. मागे मी जरा वाढवूनच लिहिलं. पुढच्या वर्षी ये, तेव्हा चांगली असतील. सुट्टी मोडू नकोस, कुठे तरी मैत्रिणींबरोबर जाऊन ये.

माझी तब्येत उत्तम आहे.

बाबा


१८ मे

मोजणी,

मागचं पत्र खोटं आहे. रंगबिंग काही नाही. हे खरं आहे, हे नीट वाच.

कोपरा मी मारला. मीच. माझ्या हाताने.

तेरा तारखेला बाई चहा घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या.  मी म्हटलं काय झालं. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही तो कोपरा ठेवणार होतात ना?" मी म्हटलं, ठेवलाय. त्यांनी चहा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "पानं सगळी पिळवटलीत हो. फुलं माना टाकून पडलीत."

मी म्हटलं, शक्य नाही. दोरी लावली होती. दोरी बोर्डाला बांधली होती.

त्या म्हणाल्या, "बोर्ड हलवला ना मागच्या आठवड्यात! गुणांचा नवीन, विजेवर चालणारा बोर्ड बसवायचाय म्हणून जुना खांबांसकट उचलून भिंतीला नेऊन लावला. तुमच्यासमोरच नेला की. चार माणसं होती, केवढा आरडाओरडा चालला होता."

मी खुर्चीत बसलेलो होतो तेव्हा. आवाज ऐकला होता. काहीतरी नेतायत एवढं कडेने दिसलं होतं. काय नेतायत ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं ना, की याला दिसत नाही.

तर बोर्ड भिंतीला होता, आणि मी दोरी भिंतीपाशी बांधली, आणि तुझा कोपरा दोरीच्या अलीकडे आला. मैदान समजून मी पट्ट्या-पट्ट्यांनी त्याच्यावरून गेलो. एक पट्टा सोडला नाही. फुलांवर चाललो मी, मोजणी. पांढरी शुभ्र फुलं समोर होती आणि मला हिरवं-करडं असं काहीतरी हलताना दिसत होतं. पायाला मऊ लागलं होतं. तेवढं तरी कळायला हवं होतं. कंपनीने मारलं असतं तर निदान माझ्या हाताने झालं नसतं. मी हात जोडून ते काम मागून घेतलं.

आता डोळ्यांचं. मधलं गेलंय. तुझ्याकडे बघितलं तर तुझे कान दिसतील, केस दिसतील, तोंडाच्या जागी धुरकट डाग दिसेल. रेषा वाकड्या दिसतात त्या गाडीच्या चाकामुळे नाही. डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की परत येणार नाही. तुला सांगितलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी येऊन मला उचलून नेलं असतं, आणि मी इथून गेलो की हे मैदान गेलं, क्लबाने दिलेली ही खोली गेली, आईने कपडे अडकवायला लावलेली खिळ्यांची रांग गेली. म्हणून गप्प बसलो. ही पत्रंही कशी लिहितो ते सांगतो. फळीवर खिळे मारून दोऱ्या ताणल्यात, दोरीवर बोट ठेवून तिच्या वरच्या बाजूला लिहितो. हसायचं असेल तर हस.

चष्मा हरवला नव्हता. चष्म्याचा काही उपयोगच नाही.

मला राग कशाचा येतो सांगू? तू लहानपणी शंभरदा म्हणालीस, दोरी सोडा आणि एकदा बघा. मला दिसत होतं तेव्हा मी दोरीच बघत बसलो. त्या फुलांकडे तू आणि आई तासन्‌तास बघायचात, आणि मी तुमच्याकडे पाठ करून पुढचं तण शोधायचो. मी ते फूल नीट बघितलंय ते एकदाच, तुला पाच सिद्ध करून दाखवायला.

पत्र आजच टाकतो, म्हणजे तू निघायच्या आत मिळेल. आता ये किंवा येऊ नकोस, तू ठरव. बघायला काही उरलेलं नाही.

बाबा


२४ मे

मोजणी,

तू काल गेलीस. आज रात्री किंवा उद्या सकाळी घरी पोचशील. दार उघडशील तेव्हा आत माझं अठरा तारखेचं पत्र पडलेलं असेल. ते आधी वाच. मग हे येईल.

'येऊ नकोस' वाचून तू घाबरलीस आणि ठरल्याच्या आधीच गाडीत बसलीस, हे मला कसं कळणार! वीस तारखेला दार वाजलं, मी "दूध ठेवा तिथेच" म्हटलं, आणि तू म्हणालीस, "बाबा, मी आहे." मला वाटलं तू पत्र वाचून आलीस. वाटलं, बरं झालं, आता काही सांगायला नको. पण तू पिशवी ठेवता ठेवताच म्हणालीस, "रंगाचा वास तर येत नाहीये. काय लपवताय?" तेव्हा कळलं की पत्र वाटेतच आहे.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडावर आलं होतं. तू माझा चेहरा हातात घेतलास आणि म्हणालीस, "इकडे बघा बाबा," आणि मी बघितलं, आणि तू हात तसेच धरून ठेवलेस. बराच वेळ. तुला तिथेच कळलं ना? औषधांच्या दुकानात असली माणसं रोज येत असतील.

मग तू म्हणालीस, "चला, मीठ बघू या."

मला नको म्हणता आलं नाही. तू माझा हात काखेत घेऊन मैदानाच्या कडेने नेलंस, नळापाशी पायरी आहे म्हणालीस, जणू मला माहीत नव्हती. कोपऱ्यात पोचल्यावर तुझी पावलं थांबली. मी मनात म्हटलं, आता ही ओरडेल. लहानपणी ओरडली होती तशी. ओरडलीस तर बरं, मग मीही काहीतरी बोलेन.

तू म्हणालीस, "केवढं फुललंय हो, बाबा."

मी मान हलवली.

"भिंतीपर्यंत नुसतं मीठच मीठ. आई असती तर म्हणाली असती, अख्खी बरणी पालथी झाली."

मी खाली वाकलो. पानांना हात लागला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. पण तू माझा हात धरलास. "नको, चिरडतील." आणि मी हात मागे घेतला. तुला वाटलं मला फसवलंस. मी फसून घेतलं. वाळलेल्या पाल्याचा वास नाकात बसला होता, मोजणी. आंधळ्याला नाक असतं.

इथपर्यंत मी निभावून नेलं असतं. पण तू खाली बसलीस. बोटाने काहीतरी हलवल्यासारखा आवाज आला. मग म्हणालीस,

"पाचच आहेत, बाबा. तुमचंच खरं होतं."

 आई समजावून थकली, शाळेतल्या बाई थकल्या, मी नख लावून दाखवलं, तेव्हा ऐकलं नाहीस. आणि आता मेलेल्या पाल्यासमोर बसून, बापाला बरं वाटावं म्हणून, पाच म्हणालीस. माझी इतकी कीव करायची वेळ तुझ्यावर यावी, असं मी काय करून ठेवलं होतं! मी "म्हटलं नव्हतं?" असं काहीतरी पुटपुटलो. हसलोही बहुतेक.

मग तीन दिवस तू राहिलीस. कपडे धुतलेस, बाईंशी कुजबुजलीस, गादीवर झोपलीस. चादर करडीच आहे म्हणालीस. काल पिशवी भरून झाल्यावर दारात उभी राहिलीस आणि दोन वर्षांपूर्वीचं तेच विचारलंस, फक्त आवाज अगदी हळू होता. "बाबा, चला ना माझ्याकडे."

आणि मी काय म्हणालो? "फुलं आहेत तोवर कसा येऊ?"

तुझंच खोटं मी तुझ्यावर उलटवलं. आता तुला काय बोलता येणार होतं? फुलं नाहीत म्हणालीस तर बापाला फसवलं होतं हे कबूल करावं लागणार, म्हणून तू "बरं" म्हणालीस. नुसतं "बरं". पायऱ्या उतरून गेलीस. फाटकापाशी तू थांबलीस, ते मला ऐकू आलं. मी हाक मारली असती तर तू वळली असतीस. मी दाराची कडी धरून उभा होतो.

तू गेल्यावर मी कोपऱ्यात जाऊन गुडघ्यावर बसलो. सगळीकडे हात फिरवला. गवताच्या काड्या लागल्या, कुरकुरीत झालेली पानं लागली, मातीचं ढेकूळ लागलं. तो लवदार कान एकही लागला नाही. मुळं ओढून बघितली, ती हातात आली. माझं काम मी नेहमी चोख करतो.

बाई तिथून न्यायला आल्या. म्हणाल्या, "पोरीने मला शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून." मी म्हटलं, "आणि मी तुम्हाला घातली होती, तिला सांगायचं नाही म्हणून." त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकमेकांवरच गेलात. माझा मात्र जीव गेला तीन दिवस." आणि पदराने माझे हात पुसले.

आज सकाळी चकचकीतला सांगितलं. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. "रेषा शेवटपर्यंत सरळ होत्या, काका," म्हणाला. महिनाअखेर खोली रिकामी करायची. खाट, चादर आणि ती दोऱ्यांची फळी तेवढी आणतो. गवत आहे का, असं विचारत नाही.

घ्यायला ये. मी एकटा गाडीत बसू शकतो असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो आहे, पण नाही बसू शकत.

आणि पाकळ्यांचं म्हणशील, तर दहा. तू पहिल्यापासून दहा म्हणत होतीस. दहाच होत्या.

तुझे बाबा